उपचार संपले, रिपोर्ट चांगले आहेत. मग आता रडू का येतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : नागपूरच्या एका ५२ वर्षांच्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

"दीड वर्षापूर्वी उजव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. सात महिन्यांपूर्वी सगळं संपलं. आता रोज लेट्रोझोलची एक गोळी आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. रिपोर्ट चांगले आहेत. केमोच्या काळात मी रडले नाही, आता भाजी करपली तरी डोळे भरून येतात. सकाळी बोटं इतकी आखडतात की कणिक मळवत नाही. रात्री अंगातून वाफा निघतात, उठून कूलरसमोर बसावं लागतं. सासूबाई म्हणतात, देवानं वाचवलं, आता जुनं उगाळू नको. यांच्या मते रिपोर्ट नॉर्मल म्हणजे विषय संपला. ऑपरेशननंतर ते दुसऱ्या खोलीत झोपतात, मला नीट झोप लागावी म्हणून. नातेवाइकांना गर्भाशयाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं आहे, कारण मुलगी २५ वर्षांची आहे, तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. सुट्या लागण्याआधी शाळेत जाऊन बघितलं. फळ्यावर लिहायला हात वर केला आणि आत भरलेला कापूस वर सरकला. मी वर्गाकडे पाठ करून तशीच उभी राहिले. जूनच्या शेवटी शाळा उघडेल. राजीनामा देऊ का? लग्न होईपर्यंत हे लपवून ठेवणं बरोबर आहे का? आणि मी पूर्वीसारखी कधी होणार?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ते वरच्या सारांशात घेतलं नाही, कारण त्याला आधी उत्तर द्यायचं होतं. "एवढ्या बायका वाचत नाहीत, मी वाचले आणि तरी रडते, म्हणजे मी कृतघ्न आहे का?" असं तुम्ही विचारलंत. नाही ताई. जीव वाचल्याचं समाधान आणि झालेल्या नुकसानीचं दुःख एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी असू शकतं. एक खरं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

रडू आत्ताच का येतंय, यालाही कारण आहे. उपचार सुरू असतात तेव्हा फाईलवर पुढची तारीख असते. केमोचा दिवस, रक्ताची तपासणी, रेडिएशनची रोजची फेरी. कुणी ना कुणी सोबत येतं, घरातलं कुणी डबा करतं, नर्स नावानं हाक मारते. बाईचं सगळं बळ पुढच्या तारखेपर्यंत पोचण्यात खर्च होतं, रडायला सवड नसते. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी या," आणि ती सगळी वर्दळ एकदम थांबते. घरच्यांना वाटतं संकट टळलं. आपल्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपल्यावर केवढं काय गुदरलं. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो की सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी, उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या कितीतरी बायका याच अवस्थेतून जातात. घरी मात्र प्रत्येकीला वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मी जरा अडून बसणार आहे. पूर्वीसारखी म्हणजे कशी? सकाळी साडेपाचला उठून सगळ्यांचे डबे करून शाळेत जाणारी, परत येऊन स्वयंपाक करून वह्या तपासणारी, जून आला की कैऱ्या फोडून वर्षाचं लोणचं घालणारी, आणि एवढं करून दुखलं-खुपलं तर कुणाला न सांगणारी? ती बाई परत यावी असं घरातल्या सगळ्यांना वाटणारच, तिच्यामुळे सगळ्यांचं नीट चालत होतं. तुम्हाला स्वतःला ती जशीच्या तशी परत हवी आहे का, हे एकदा विचारून बघा. तिच्यातलं शिकवणं हवं असेल, मैत्रिणींबरोबर जाणं-येणं हवं असेल, तर ते नक्की मिळवता येईल. बाकीचं घरात वाटून टाकता येईल. कणिक मळणं उद्यापासून दुसऱ्या कुणाकडे द्या. सकाळची आखडलेली बोटं हा त्या गोळीचा परिणाम आहे, त्यात तुमचा कामचुकारपणा नाही, हे घरात एकदा स्पष्ट सांगा.

आता गोळीचं. लेट्रोझोल शरीरात तयार होणारं इस्ट्रोजेन अगदी कमी करून टाकते. तुमच्या प्रकारचा कॅन्सर त्याच हार्मोनवर पोसला जातो, म्हणून ही गोळी साधारण पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, घ्यायची असते. सांधे धरणं, अंगातून वाफा निघणं, झोपमोड, योनीमार्गाचा कोरडेपणा, हाडं ठिसूळ होणं हे सगळं तिचेच परिणाम. बऱ्याच बायका हे मुकाट्यानं सोसतात आणि एक दिवस कुणालाही न सांगता गोळी बंद करतात. तसं मात्र करू नका. त्रास होतो आहे हे डॉक्टरांना सांगितलं तर त्यांच्याकडे मार्ग असतात : काही आठवडे गोळी थांबवून त्रास कमी होतो का हे बघणं, त्याच गटातली अनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देऊन बघणं, ड जीवनसत्त्व तपासणं. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. आणि व्हॉट्सॅपवर येणारे काढे, भुकट्या, "हार्मोन बॅलन्स" करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

सांध्यांना चालण्यानं खरंच फरक पडतो, थकव्यालाही. थकवा आहे म्हणून पडून राहिलं की तो वाढतो, ही त्याची खोड आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि दोन दिवस हलके ताकदीचे व्यायाम, एवढं उद्दिष्ट ठेवा, पण सुरुवात दहा मिनिटांनी करा. नागपूरच्या या उन्हात सहाच्या आत अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर पोचलात तर ठीक, नाहीतर घरातल्या घरात चाला. वाफा निघतात तेव्हा सुती गाऊन, उशाशी गार पाणी आणि झोपण्याआधी चहा बंद, एवढं करून बघा. थकवा फारच असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, सगळं कॅन्सरच्या माथी मारू नका.

हाताच्या सुजेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, पण तुम्ही शिक्षिका आहात आणि ऑपरेशन उजव्या बाजूचं आहे, म्हणून मी विचारतेच. काखेतल्या गाठी काढल्यावर, त्यात रेडिएशनही झालेलं असेल तर, त्या हातातलं लसीकेचं (लिम्फ) पाणी नीट वाहून जात नाही आणि हाताला सूज येऊ शकते. ती लगेच येते असं नाही, काही वर्षांनीही येते. अंगठी घट्ट होणं, बांगडी न चढणं, ब्लाउजची एकच बाही रुतणं, हात जड वाटणं ही सुरुवातीची लक्षणं. एवढं दिसलं तरी फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण सुरुवातीला दाबपट्टीची बाही आणि मालिश यांनी सूज आटोक्यात राहते, जुनी झाली की कठीण जातं. हात लाल होऊन गरम झाला आणि ताप आला तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. वह्यांचा गठ्ठा उजव्या हातावर उचलू नका, लोणच्याची भरलेली बरणीही नाही. विळीवर चिरताना, काटेरी झाडांची छाटणी करताना, गरम भांडं उचलताना जपा, कारण त्या हाताची छोटी जखमही चिघळू शकते. रक्त काढायला किंवा बीपी बघायला कुणी आलं की ऑपरेशन कुठल्या बाजूचं आहे ते आधी सांगा. पण जपायचं म्हणून हात छातीशी आवळून बसायचं असंही नाही. हळूहळू वाढवलेला व्यायाम त्या हाताला चांगलाच आहे. भिंतीवर बोटांनी वर वर चढत जाण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवला असेल, तो बंद झाला असेल तर आजच सुरू करा. तीन आठवड्यांत फळ्याच्या मधल्या ओळीपर्यंत हात सहज पोचावा, एवढं ध्येय पुरे.

तो सरकलेला कापूस. हे वाचून मला फार वाईट वाटलं, कारण हा प्रसंग टळू शकला असता. ऑपरेशननंतर घरी पाठवताना बाईला हाताचे व्यायाम सांगतात, टाक्यांची काळजी सांगतात, पण ब्लाउजमध्ये काय घालायचं हे सांगायला सहसा कुणाला सुचत नाही. कापसाला वजन नसतं, म्हणून तो वर सरकणारच. वजन असलेली गोष्ट जागेवर बसते. मास्टेक्टॉमी ब्रा मिळतात, त्यांना आतून खिसा असतो, त्यात सिलिकॉनचा कृत्रिम स्तन बसतो. तुमच्या हॉस्पिटलमध्ये किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात चौकशी करा. सिलिकॉन महाग असतो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याखाली घामोळं येतं. म्हणून घरी रोजच्यासाठी सुती कापडाची पिशवी शिवून त्यात मोहरी किंवा नाचणीसारखं बारीक धान्य दुसऱ्या बाजूच्या वजनाइतकं भरतात, तेही चालतं. धुताना धान्य काढून घ्यायचं, पावसाळ्यात बदलायचं. तुमच्या शिंप्याला साध्या ब्रालाही आतून खिसा लावता येतो, बाईच शिवणारी असेल तर सांगायला सोपं जाईल. वजन दोन्हीकडे सारखं असलं की खांदा आणि पाठही कमी दुखते. पुढे कधी स्तनाची पुनर्रचना करून घ्यावीशी वाटली तर तीही करता येते, उशीर झालेला नाही. रेडिएशन झालेल्या बाजूला प्लास्टिक सर्जन कदाचित वेगळी पद्धत सुचवतील. आणि काहीच घालायचं नाही असं ठरवलंत तरी तो तुमचा हक्क आहे.

आता सगळ्यात अवघड भाग, मुलगी आणि तिचं लग्न.

लपवायचं ठरवलं तेव्हा घरच्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी जाणते. आपल्याकडे अजूनही "त्यांच्या घरात कॅन्सर आहे" असं दबक्या आवाजात बोललं जातं, स्थळं मागे फिरतात, हे खरं आहे. पण या ठरवण्यात मला दोन गोष्टी खटकतात. पहिली, ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय तिला कुणी विचारलं का? २५ वर्षांची, कमावती-शिकलेली मुलगी आहे. तिच्या आईच्या आजाराबद्दल कुणाला काय सांगायचं हे आजी आणि बाबांनी ठरवलं आणि तिनं गप्प राहायचं. तुमच्या पत्रात तिचं स्वतःचं मत कुठेच नाही.

दुसरी गोष्ट तिच्या तब्येतीची आहे. स्तनाचा बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतो, साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच आईवडिलांकडून आलेला जनुकातला दोष हे कारण असतं. आजार लागट तर मुळीच नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी लपवायचं ती भीती बहुतेक घरांत निराधार असते. तरी एकदा विचारून घ्यायला हवं : तुमच्या आईकडे किंवा वडिलांकडे, हो, वडिलांकडूनही हा दोष येतो, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता का? असेल तर डॉक्टरांना सांगा. ते गरज वाटली तर बीआरसीए जनुकांची तपासणी सुचवतील, आणि ती आधी तुमची करायची असते, मुलीची नाही. दोष निघाला नाही तर मुलीच्या डोक्यावरचं ओझं बरंच उतरेल. निघाला तर तो तिच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी असते, आणि तिला वेळेत तपासण्या सुरू करता येतील. काहीही निघालं नाही तरी आईला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, सुरू करावी असं साधारणपणे सांगतात. ही माहिती तिला आयुष्यभर लागणार आहे, प्रत्येक नव्या डॉक्टरकडे. गर्भाशयाच्या ऑपरेशनची गोष्ट सांगत राहिलात तर ती तिच्या सासरी, तिच्या बाळंतपणात, सगळीकडे तिच्या मागे फिरेल.

माझं मत विचाराल तर, स्थळ पक्कं व्हायच्या आधी समोरच्यांना सांगावं. पत्रिका बघायच्या आधी नाही, चहापोह्यांच्या दिवशीही नाही, पण दोघांचं एकमेकांशी जुळतंय असं दिसलं की मुलीनं स्वतः मुलाला सांगावं. तिच्या शब्दांत, तिला योग्य वाटेल तेव्हा. हे ऐकून जे मागे फिरतील ते तिच्या पहिल्या आजारपणातही मागेच फिरले असते. मात्र हे माझं मत झालं. तुमच्या मुलीचं वेगळं असेल तर तिचं ऐका. गावभर सांगायची गरज नाहीच. कुणाला सांगायचं याची एक छोटी यादी तुम्ही दोघी बसून करा. त्यात एक जाऊ किंवा बहीण असू द्या, जिच्यासमोर तुम्हाला बरं आहे असं म्हणावं लागणार नाही.

तुमचे यजमान दुसऱ्या खोलीत झोपतात ते तुमची झोप मोडू नये म्हणून, आणि तुम्हाला मनातून वाटत असावं की त्यांना आता जवळ यायला नको. दोघांपैकी कुणीच विचारलेलं नाही. माझा अंदाज आहे की त्यांना भीती वाटते, दुखवण्याची, चुकीचं बोलण्याची, आणि आजार परत येण्याची तर नक्कीच. "रिपोर्ट नॉर्मल आहे ना" हे ते तुम्हाला जितकं सांगतात तितकंच स्वतःलाही सांगत असावेत. एखाद्या संध्याकाळी एवढंच म्हणा, "मला झोपेपेक्षा तुम्ही जवळ असणं हवं आहे." व्रण लगेच दाखवला पाहिजे असं नाही. आधी तुम्ही स्वतः आरशात बघा, अंघोळीनंतर घटकाभर, तेल लावताना. जवळीक सुरू झाली आणि कोरडेपणानं दुखलं तर त्यासाठी हार्मोन नसलेली जेल औषधांच्या दुकानात मिळतात. इस्ट्रोजेनची क्रीम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. हे प्रश्न ओपीडीत विचारायला संकोच वाटतो, तर कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. पुढच्या तपासणीला यजमानांना बाहेर बाकावर बसवू नका, आत न्या. थकवा, सांधे, रडू येणं यातलं काय औषधामुळे आहे हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

राजीनामा आत्ता देऊ नका. तुम्ही शाळेबद्दल लिहिलंय तिथेच पत्रातला सूर जरा वर येतो, म्हणून हे ठामपणे सांगते. सहा महिने काम करून बघा आणि मग ठरवा. शाळा उघडायच्या आधी मुख्याध्यापकांना एकट्यानं भेटा. तळमजल्यावरचा वर्ग, पहिला तास मोकळा, पहिले दोन-तीन महिने वर्गशिक्षकपद नको, आणि निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची ड्युटी लागली तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर सूट, एवढं मागा. ही मेहेरबानी नाही, आजारातून उठलेल्या माणसाला एवढं मिळायला हवं. स्टाफरूममध्ये काय सांगायचं ते घरून ठरवून जा : "मोठं आजारपण झालं, उपचार पूर्ण झाले, उजव्या हातानं जड उचलायचं नाही." यापुढच्या प्रश्नांना उत्तर देणं तुमच्या मर्जीवर आहे. शिकवताना एखादा शब्द आठवला नाही, मुलाचं नाव विसरलात तर घाबरू नका. केमोनंतर स्मरण आणि एकाग्रता काही काळ मंदावते, बहुतेकींची हळूहळू सुधारते. तोवर वहीत टिपणं काढून वर्गावर जा.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात जेवण जात नाही असंही तुम्ही लिहिलंय. ही भीती पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, पण तिला हद्द घालता येते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी, शिवाय दुसऱ्या स्तनाची दरवर्षी मॅमोग्राफी, असा साधारण क्रम असतो. काही त्रास नसताना दरवेळी पेट स्कॅन (पूर्ण शरीराची चित्रं घेणारी तपासणी) किंवा ट्यूमर मार्करची रक्ततपासणी करून घेण्यानं फायदा होतो असं दिसलेलं नाही, जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. मधल्या काळात नवी गाठ लागली किंवा एकाएकी दम लागला तर लगेच दाखवायचं. हाडाचं दुखणं, खोकला असा कुठलाही नवा त्रास दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर तारखेची वाट न बघता दाखवायचं. त्याहून कमी दिवस असेल तर वहीत लिहून ठेवायचं आणि कामाला लागायचं.

रडू येणं रोजचंच झालं, कशातच मन लागेना, झोप-भूक उडाली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगून काय करायचं असं वाटू लागलं तर तेवढीही वाट बघू नका. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्या ज्या बायका लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन ही हार्मोनविरोधी गोळी घेतात त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावं, कारण नैराश्यावरची काही औषधं त्या गोळीचा परिणाम कमी करतात. त्यांच्यासाठी पर्यायी औषधं असतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर लगेच दाखवावं, हेही इथेच सांगून टाकते.

एक काम या आठवड्यातच करा. तुमच्या हॉस्पिटलमधून उपचारांचा एका पानाचा सारांश मागून घ्या : कॅन्सरचा प्रकार आणि टप्पा, ऑपरेशन कुठलं, केमोची औषधं कुठली, रेडिएशन किती, आता कुठली गोळी कधीपर्यंत. त्याचा फोटो तुमच्या आणि मुलीच्या मोबाइलमध्ये असू द्या. तिथल्या समाजसेवा विभागात हेही विचारा की तुमच्यासारखे उपचार होऊन दोन-चार वर्षं झालेल्या एखाद्या बाईशी बोलता येईल का. आणि मुख्याध्यापकांच्या भेटीआधी मुलीशी बोला. ते पान दाखवायच्या निमित्तानं दोघींना समोरासमोर बसता येईल.